फाट्याची बाहेरची भिंत

९ जानेवारी

मायन्याच्या जागी ‘चि. सौ.’ एवढे लिहून झाल्यावर हात थांबला. ‘सौ.’ खोडले. खोडलेला कागद पाठवणे बरे दिसेना, म्हणून दुसरा घेतला. ‘सूनबाई’ लिहावे, तर ते नाते तू अजून मानतेस याचा पुरावा माझ्यापाशी नाही. नुसत्या नावाने लिहावे, तर या घरात तुला नावाने हाक मारणारा एकटा थोरला होता. तेव्हा ती जागा रिकामी ठेवली आहे.

फोन केला नाही. केला असता तर तू उचलला नसतास. अर्थात हे अनुमान आहे, अनुभव नव्हे.

प्रयोजन सांगते. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. धाकटा माझ्या पिशव्या घेऊन पुढे चढत होता आणि मी मागून. त्याच्याहून तीस वर्षांनी मोठी असलेली मी त्याला प्रत्येक वळणावर गाठत होते. पहिल्या वळणावर त्याने पिशव्या खाली ठेवून मोबाइल काढला आणि पाहत उभा राहिला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. मोबाइलचा पडदा काळा होता. दुसऱ्या हाताने तो जबडा चोळत होता.

“दात दुखतोय का?” मी विचारले.

“हो. अक्कलदाढ असेल.”

“या वयात?”

“मला अक्कल उशिरा येते, हे तूच म्हणायचीस ना.”

घरात येऊन पाच मिनिटे बसल्यावर दाढ थांबली. जिना चढताना दुखते आणि बसल्यावर थांबते अशी दाढ माझ्या माहितीत नाही. तुझ्याही नसेल.

तपासणी करून घे म्हटले तर त्याचा युक्तिवाद तयार आहे. थोरल्याने जाण्याच्या दोन महिने आधी पट्ट्यावर पळण्याची चाचणी केली होती, तिच्यात तो उत्तम उत्तीर्ण झाला होता, आणि तरी गेला. म्हणून चाचण्या निरर्थक. मी त्याला सांगितले, की एका चाचणीला एक गोष्ट दिसली नाही, यावरून कोणत्याच चाचणीला काहीच दिसत नाही, असे सिद्ध होत नाही. हा हेत्वाभास आहे. तो म्हणाला, “आई, हेत्वाभासाने माणूस मरत नाही.”

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. विद्यार्थी मला पाठीमागे ‘म्हणूनबाई’ म्हणत, हे मला ठाऊक होते. त्याच्या या वाक्यानंतर मी हे पत्र लिहायला बसले.

थोरल्याची धमनी पार बुजलेली होती आणि तरीही यंत्राला ती दिसली नाही, असे धाकटा धरून चालला आहे. शवविच्छेदनाच्या अहवालात दोन ओळी आहेत. त्यांत जागा लिहिली आहे, बाकी काही नाही. शवविच्छेदनाच्या वेळी आत जाऊन प्रत्यक्ष पाहणारी आपल्या माणसांपैकी तू एकटी. तू काय पाहिलेस ते धाकट्याला सांगावेस, एवढीच विनंती आहे.

सहीच्या जागी काय लिहावे, हाही प्रश्न आहेच. तूर्त नुसती सही करते.

२८ जानेवारी

उत्तर आले नाही. पत्र मिळाले नसेल ही एक शक्यता, मिळूनही लिहावेसे वाटले नसेल ही दुसरी. दुसरी अधिक संभाव्य वाटते. तरी लिहीत आहे, कारण मी विनंती केली, पण तिची भूमिका मांडली नाही.

जेवणाच्या टेबलाभोवतीचा तो वाद तुला आठवत असेल. तुझ्या लग्नाला वर्ष झाले नव्हते. प्रयोगशाळेतून उशिरा आलीस म्हणून थोरला कुरकुरत होता: “हिच्या पेशींना दिवसाआड ताजं जेवण, आणि नवऱ्याला कालचं गरम करून!” तू म्हणालीस, “पेशी तक्रार न करता जेवतात.” धाकटा हसता हसता पाणी प्यायला आणि त्याला ठसका लागला. मग तो म्हणाला, “पण वहिनी, पाइप म्हणजे पाइप. वळणावर गाळ साचतो, हे आमच्या पाणीखात्यातला फिटरही सांगेल. त्यासाठी प्रयोगशाळा कशाला?”

“भावोजी, तुमच्या पाइपला पाणी गेलेलं कळतं का?”

“पाइपला काय कळायचंय?”

“धमनीला कळतं.”

तुझ्या तोंडून ऐकलेला तो पहिला सिद्धान्त. मग ताटातल्या आमटीत बोटाने रेघा ओढून तू समजावलेस. धमनीला आतून एकाच थराच्या पेशींचे अस्तर असते. रक्त तिच्यातून नुसते वाहत नाही, त्या अस्तराला घासत पुढे जाते, आणि ते घासणे पेशींना जाणवते. सरळ भागात ओढ एकाच दिशेची असते. तिथे पेशी लांबट होतात आणि प्रवाहाच्या दिशेने शिस्तीत निजतात. धमनीला फाटा फुटतो तिथे मात्र बाहेरच्या भिंतीशी प्रवाह मंदावतो. प्रत्येक ठोक्याला तो पुढे जातो, घुटमळतो, मागे फिरतो. तिथल्या पेशींना कोणत्या दिशेने निजावे ते ठरवता येत नाही. त्या वेड्यावाकड्या पसरतात, त्यांच्यातल्या फटी सैलावतात, रक्तातली चरबी भिंतीत शिरते आणि भिंत आतून सुजत जाते.

रक्तातली चरबी हेच कारण, असे मी तोपर्यंत मानत होते. तू विचारलेस, “आई, रक्त तर सगळीकडे एकच फिरतं. मग रोग ठरावीक जागीच का?” कारण सर्वत्र आणि कार्य एकाच जागी, तर सांगितलेले कारण अपुरे. हे मी वर्गात किती वर्षे शिकवले होते! माझेच वाक्य माझ्या सुनेने माझ्या ताटाशेजारी आणून ठेवले. त्या दिवशी मला तू पसंत पडलीस. तोवर पडली नव्हतीस, हेही नमूद करते.

आणि डिशचे प्रकरण. गोल फिरणाऱ्या फळीवर तू पेशी वाढवलेल्या उथळ डिश ठेवत होतीस, आतला द्रव त्यांच्यावरून फिरत राही, आणि वर्षभर निष्कर्ष एकच येत होता: काहीही परिणाम नाही. तू जेवेनाशी झालीस. मी चहा ढवळत होते. मी विचारले, “कडेचा चहा आणि मधला चहा सारखाच फिरतो का गं?” तू माझ्या कपाकडे पाहिलेस, ताट तसेच टाकून उठलीस आणि चपलाही न घालता जिना उतरलीस. थोरला वरून ओरडला, “अगं, चपला!” तुम्ही लोक दर वेळी अख्खी डिश खरवडून सगळ्या पेशी एकत्र करत होता. कडेला प्रवाह एकदिशेचा, तिथल्या पेशी निरोगी. मध्ये प्रवाह दिशाहीन, तिथल्या आजारी. दोन्ही मिसळल्या की सरासरी निघे: सर्व ठीक. छापून आलेल्या लेखाच्या शेवटी तू आभार मानले होतेस. ‘सासूबाईंचे, एका प्रश्नासाठी.’

हे स्मरणरंजन म्हणून लिहीत नाही. धाकट्याच्या एका डॉक्टर मित्राने त्याचे वय, रक्तदाब आणि चरबी गणितात घालून धोका ‘कमी’ असल्याचे सांगितले आहे. धाकटा ते मला पुन्हा पुन्हा ऐकवतो. हजारो माणसे एकत्र खरवडून काढलेली ती सरासरी आहे. तीत धाकट्याचा फाटा कुठे आहे? हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “वहिनीची भाषा बोलू नकोस.”

इकडे सर्व ठीक. परवा चहाने माझी जीभ भाजली. भाजली आहे हे संध्याकाळी जेवताना कळले.

१६ फेब्रुवारी

तुझे पत्र काल मिळाले. त्यात एकच वाक्य आहे: ‘आई, मी काय पाहिलं ते विचारताय, की का पाहिलं ते?’

पाकीट धाकट्याच्या हाती पडले. अक्षर त्याने ओळखले. मी स्वयंपाकघरात होते. तो दारात येऊन उभा राहिला.

“तू वहिनीला पत्रं लिहितेस?”

“दोन लिहिली.”

“माझ्याबद्दल?”

“तुझ्या दाढेबद्दल.”

“आई, ती बाई दादाला चिरताना बघत उभी होती. मी बाहेर त्याच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती बाहेर आली ती हात पुसत. एक शब्द नाही. तिनं दादाला नमुना केलं, नमुना! आणि तू तिला विचारणार, माझं काय करू?”

“तिला ठाऊक आहे, म्हणून विचारणार.”

“तूच बोलली होतीस सगळ्यांसमोर.”

तो म्हणतो ते खरे आहे. ‘कुतूहल हा शोकाचा पर्याय नव्हे’, हे वाक्य मी बैठकीच्या खोलीत, नातेवाइकांदेखत उच्चारले. वाक्य निर्दोष होते. त्यात तुझे नाव नव्हते. पुढच्या आठवड्यात तू तुझी दोन खोकी घेऊन दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलीस. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे कुणी मला सांगितले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही.

आता तुझा प्रश्न. ‘काय’ आणि ‘का’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर धाकट्याला हवे आहे, त्याला ते कळो वा न कळो. दुसरा विचारण्याचा अधिकार ज्याने तुला न विचारता दोष दिला त्याला उरत नाही. मी पहिलाच विचारत आहे.

पत्र मला लिहू नकोस. त्याला सांग. मी सांगितले तर ते आईचे बोलणे होईल, आणि आईचे बोलणे त्याने ऐकून घेतले नाही अशी उदाहरणे भरपूर आहेत. तुझ्यावर तो रागावला आहे. ज्याच्यावर राग आहे त्याचे माणूस लक्षपूर्वक ऐकते, निदान खोडून काढण्यासाठी तरी.

३ मार्च

आज घाईत. धाकटा कामावर मुख्य जलवाहिनीची झडप फिरवताना खाली बसला. फिटरने त्याला घरी आणून सोडले. फिटर म्हणाला, “साहेब म्हणाले ऊन लागलं. पण आई, सावलीत होतो आम्ही.” धाकटा इथे माझ्याच खाटेवर झोपला आहे. चेहरा ओल्या मातीसारखा आहे. रुग्णालयाचे नाव काढले की भिंतीकडे तोंड फिरवतो.

त्याचा नंबर बदललेला नाही.

हे पत्र तुला मिळेपर्यंत उशीर होईल, म्हणून फिटरच्या मोबाइलवरून एवढाच मजकूर तुला पाठवला आहे. मला स्वतःला तो पाठवता येत नाही. फिटरने विचारले, “खाली कुणाचं नाव टाकू?” मी म्हटले, “टाकू नकोस, ओळखेल.”

९ मार्च

क्रमाने लिहिते.

मजकूर गेला त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. धाकट्याने नंबर पाहिला आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने तो उचलला आणि “बोला” म्हणाला. वहिनी म्हटले नाही. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. खुर्ची अशी फिरवली, की माझा उजवा कान त्याच्या दाराकडे होईल.

फोन बराच वेळ चालला. नंतर तो तोंड धुऊन बाहेर आला. चेहरा नीट पुसलेला नव्हता.

“दादाची नळी बरीचशी उघडी होती, आई,” तो म्हणाला. “रक्त जात होतं. म्हणून तो पळू शकला. जे होतं ते भिंतीच्या आत होतं, फाट्याच्या बाहेरच्या बाजूला, एवढंसं. ते अचानक फुटलं आणि त्यावर रक्ताची गुठळी धरली. वहिनी म्हणाली, त्या चाचणीला विचारलं होतं, रक्त पोचतंय का? तिनं खरं उत्तर दिलं. भिंत कशी आहे, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.”

“आणि तुझं?”

“माझं उलटं आहे म्हणे. मला जिना चढताना दुखतं, म्हणजे माझी वाट अरुंद झालीय, आणि ते कुठल्याही यंत्राला दिसेल. मला म्हणाली, भावोजी, तुम्ही दादाच्या प्रश्नपत्रिकेत नापास व्हायला घाबरताय, तुमची प्रश्नपत्रिका वेगळी आहे आणि सोपी आहे.” मग म्हणाला, “चल, उठ. पिशवी भर. आत्ताच जाऊ.”

चपला घालताना तो दाराशी थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मी तिला विचारलं, का गेलीस आत?”

मी विचारले नव्हते.

“म्हणाली, आतली सगळी माणसं त्याला अनोळखी होती. त्याला एकट्याला उघडू द्यायचं नव्हतं. डॉक्टर पकडीनं धमनी उचलत होते तेव्हा ती त्याचा तळवा धरून उभी होती. बाहेर येताना हात पुसत होती ते…” मी ते वाक्य पुरे करून मागितले नाही.

तपासणीत डाव्या मुख्य धमनीला फाटा फुटतो तिथेच अरुंदपणा निघाला. दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून, फुग्याने वाट रुंद करून आत जाळीची नळी बसवली. नंतर डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवले आणि चित्र लावले. काळ्या रंगाचे फांद्यांसारखे काहीतरी हलत होते. फाट्यापाशी एका बाजूने कुरतडल्यासारखे दिसले.

“बाहेरच्या भिंतीला आहे ना?” मी विचारले. “जिथे प्रवाह मागे फिरतो तिथे?”

त्यांनी चष्मा काढला. “आपण डॉक्टर आहात?”

“नाही. सासू आहे.”

त्यांना अर्थ लागला नाही. लावून देण्याची मला गरज वाटली नाही. ते चित्र मी त्यांना पुन्हा लावायला सांगितले. तिसऱ्यांदाही सांगितले. ते म्हणाले, “आजी, मुलगा ठीक आहे आता.” मी म्हटले, “हा ठीक आहे, हे मला कळले.” मी पाहत होते तो धाकटा नव्हता.

पाहत असताना मला कुतूहल वाटत होते का, याचा विचार मी नंतर केला. वाटत होते. आणि दुसरे जे काही होते ते कुतूहलाहून वेगळे काढता आले नाही. यावरून माझे ते वाक्य निर्दोष नव्हते, एवढे सिद्ध होते. ज्या खोलीत ते उच्चारले तिथेच, धाकट्यासमोर, मी ते मागे घेतले आहे. नातेवाईक हजर नव्हते, त्यांना स्वतंत्रपणे कळवीन.

धाकटा काल घरी आला. लिफ्ट सुरू आहे, तरी खालून पहिल्या वळणापर्यंत जिन्याने चढून दाखवतो म्हणाला. मी नको म्हटले. तो चढला. वर उभा राहून ओरडला, “आई, दाढ गेली!” शेजारीण दार उघडून म्हणाली, “कुठल्या डॉक्टरनं काढली हो? माझीपण दुखतेय.” तो जिन्यात बसून हसत राहिला. या घरात कुणी हसल्याचा आवाज पुष्कळ दिवसांनी आला. मला तो आवाज ओळखू आला, एवढे सांगते. त्याहून अधिक काही झाले असे म्हणवत नाही.

एक विनंती उरली. थोरल्याचे तू जे पाहिलेस ते धाकट्याच्या तोंडून मला तुकड्यांत मिळाले. तो पाइपांच्या भाषेत सांगतो. मला ते पहिल्यापासून ऐकायचे आहे. दार कुणी उघडले, तू कुठे उभी होतीस, कोणता हात धरला होतास. पत्रात लिहू नकोस. ये. तुझी खोली झाडून घेतली आहे, लिफ्ट चालू आहे. नाही चाललीच, तर पिशव्या धाकटा उचलेल. म्हणजे उचलू द्यायच्या नाहीत, पण तो उचलायला जाईल.

आणि सांगताना माझ्या डाव्या बाजूला बस. गेल्या वर्षापासून मला उजव्या कानाने ऐकू येत नाही.